चौकटीच्या कडेचा माणूस

कमाल अल्जाफरी या पॅलेस्टिनी दिग्दर्शकाचा ‘रीकलेक्शन’ नावाचा २०१५ सालचा चित्रपट आहे. त्यात नायक नाही, नायिका नाही, गोष्ट म्हणावी अशी गोष्टही नाही. आहे ते याफा, भूमध्य समुद्राच्या काठावरचं जुनं अरब बंदर. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इस्रायली आणि अमेरिकन निर्मात्यांनी तिथे कितीतरी चित्रपट चित्रित केले. कुणाला प्रेमकथेसाठी जुन्या दगडी कमानी हव्या होत्या, कुणाला मारामारीसाठी पडकी घरं. अल्जाफरीने ते चित्रपट जमवले आणि पुढे उभे असलेले नट संगणकावर एकेक करून पुसून टाकले. मग उरलं ते मागचं. अर्धवट ढासळलेल्या भिंती, निळ्या चौकटीची खिडकी, एक मांजर, आणि चित्रीकरण चालू असताना सहज रस्त्यावरून गेलेली माणसं. कॅमेऱ्याला ती नको होती. ती चुकून चौकटीत आली होती. अल्जाफरी त्यांच्यापाशी थांबतो, त्यांना मोठं करतो, इतकं मोठं की चेहरे विरघळून ठिपक्यांचे होतात. त्या ठिपक्यांतून त्याला आपली माणसं भेटतात.

हा चित्रपट मी पुण्यात, बिबवेवाडीतल्या माझ्या खोलीत पाहिला. पावसाळ्याचे दिवस होते. खिडकीतून टेकडीचा उतार दिसतो. त्याच्या अंगाखांद्यावर चढत गेलेली घरं, मध्ये मध्ये ग्लिरिसिडियाची झाडं, खालून अप्पर इंदिरानगरला निघालेली पीएमपीची बस चढावर दम खात असते. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत बसले. छत्री मिटून बसमध्ये चढणारी बाई, मार्केट यार्डातून पाठीवरचं ओझं उतरवून घरी निघालेला हमाल, शाळेच्या दप्तरावर प्लास्टिकची पिशवी ओढलेलं पोर. यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं की आपण कुणाच्या तरी नजरेच्या चौकटीत आहोत. उद्या ही वस्ती राहिली नाही, तर ही माणसं इथे होती हे कोण सांगेल, असा विचार मनात आला. पुण्यात बसलेल्या माणसाला असा विचार सहसा करावा लागत नाही. याफाच्या माणसाला तो जन्मापासून करावा लागतो.

तेव्हापासून मी पॅलेस्टिनी चित्रपट शोधून शोधून पाहू लागले. राजकारण समजून घ्यावं हा हेतू होताच, पण मला धरून ठेवलं ते त्यातल्या साध्या कामांनी. बातम्यांमध्ये पॅलेस्टाइन म्हणजे धूर, ढिगारा आणि आकडे. या चित्रपटांत माणसं बाजारात जातात, लग्न ठरवतात, गुरं पाळतात, मुलाला दवाखान्यात नेतात. जगाच्या चित्रात जो माणूस कायम कडेला ढकलला गेला, तो इथे मधोमध येऊन आपलं रोजचं काम करू लागतो. ते काम त्याला का करता येत नाही, हे सांगता सांगता इतिहास आपोआप उलगडत जातो.

अ‍ॅनमेरी जासिर या दिग्दर्शिकेचा ‘वाजिब’ (२०१७) माझ्या सगळ्यांत जवळचा. नाझरेथ गावातला एक शिक्षक आणि इटलीहून आलेला त्याचा वास्तुविशारद मुलगा दिवसभर जुन्या मोटारीतून हिंडून घरातल्या लग्नाच्या पत्रिका वाटतात. मुलीचं लग्न असलं की घरच्या पुरुषांनी दारोदार जाऊन स्वतःच्या हाताने पत्रिका द्यायची, ही तिथली रीत. मोहम्मद बक्री आणि सालेह बक्री हे खरेखुरे बापलेक या भूमिकांत आहेत. म्हणून की काय, त्यांच्या गप्प बसण्यातही वर्षानुवर्षांची सवय दिसते.

माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, स्कूटरवर मागे बसून मी अशाच पत्रिका वाटल्या आहेत. पहिली कसब्यातल्या गणपतीपुढे ठेवली, मग अण्णांची यादी निघाली. टपालाने पाठवली तर चालणार नाही, घरी जाऊन अक्षत दिली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. प्रत्येक घरी चहा. प्रत्येक घरी कुणाची तरी चौकशी, कुणाच्या तरी गुडघ्यांची तक्रार, एखादं जुनं रुसणं. शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेल्या चुलत्यांच्या दारातही अण्णा गेले, पत्रिका पुढे केली आणि म्हणाले, ‘तुम्ही आल्याशिवाय अंतरपाट धरणार नाही.’ चुलते काही बोलले नाहीत, पण काकूंनी पाणी आणलं. घराघरांतून फिरताना मला पहिल्यांदा कळलं की आपलं कुटुंब केवढं पसरलेलं आहे, आणि अण्णांनी ते किती कष्टाने बांधून ठेवलं आहे.

‘वाजिब’मधला बापही हेच करतो. फक्त त्याचं गाव इस्रायलच्या हद्दीत आहे. १९४८ साली इस्रायल स्थापन झालं तेव्हा जे पॅलेस्टिनी आपल्या जागी टिकून राहिले, त्यांच्यातला तो. नागरिकत्व आहे, पण आपल्याच गावात आपण कोण, हा प्रश्न रोज सोबतीला. त्याच्या यादीत एक इस्रायली माणूसही आहे. त्याच्याशी जुळवून घेतलं तर बढती मिळेल, अशी त्याला आशा आहे. मुलाच्या मते तो माणूस हेर आहे, शिक्षकांवर नजर ठेवणारा. एका पत्रिकेवरून बापलेकांत जे भांडण पेटतं, ते चित्रपटाचा प्राण आहे. मुलगा म्हणतो, तुम्ही वाकून जगलात. बापाचं म्हणणं, तू निघून गेलास, आम्ही इथे राहिलो. राहणं काय असतं हे तुला काय ठाऊक? मला दोघांचंही पटतं. निघून गेलेल्याचा ताठ कणा आणि राहिलेल्याची चिवट सहनशीलता या दोन्हींचं मोल जासिर सारखंच करते. दोघांपैकी कुणालाही ती छोटा करत नाही.

अशीच एक गोष्ट फराह नाबुलसीच्या ‘द प्रेझेंट’ (२०२०) या जेमतेम चोवीस मिनिटांच्या लघुपटात आहे. लग्नाच्या वाढदिवशी बायकोला नवा फ्रिज घ्यायचा, म्हणून युसूफ छोट्या यास्मिनला घेऊन बाजारात निघतो. बाजार लांब नाही, पण वाटेत लष्कराचा तपासणी नाका आहे. बापाला पिंजऱ्यासारख्या कुंपणात थांबवून ठेवतात. मुलगी बाहेर थांबून राहते, आणि तिचे कपडे ओले होतात. बापाने आपली अवहेलना लेकीला दिसू नये म्हणून धडपडायचं, आणि तिने आपल्याला सगळं दिसलं हे त्याला कळू देऊ नये म्हणून गप्प राहायचं. परतताना नाक्याच्या फिरत्या दारातून फ्रिज जात नाही. शेजारचा मोटारींचा रस्ता मोकळा आहे, पण तो त्यांच्यासाठी नाही. युसूफचा संयम सुटतो, बंदुका रोखल्या जातात, आरडाओरडा होतो. आणि त्या गोंधळात यास्मिन फ्रिजची गाडी ढकलत त्याच मोकळ्या रस्त्याने शांतपणे चालू लागते. तिच्या पाठमोऱ्या चालण्यात जे धैर्य आहे, ते कुठल्याही घोषणेत मावणार नाही.

अमीन नायफेहच्या ‘२०० मीटर्स’मध्ये (२०२०) मुस्तफाची बायको आणि मुलं इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडे राहतात, तो अलीकडे. मध्ये अंतर दोनशे मीटर. रोज रात्री मुलांना झोपवायच्या वेळी तो गच्चीतला दिवा चालू-बंद करतो आणि पलीकडच्या खिडकीतून दिव्यानेच उत्तर येतं. मुलगा रुग्णालयात असल्याचं कळतं त्या दिवशी परवान्यात खोट निघते, आणि दोनशे मीटरसाठी बापाला दिवसभर चोरवाटांनी, दलालांच्या गाडीत लपून प्रवास करावा लागतो.

इमाद बुर्नात हा तर शेतकरीच. वेस्ट बँकमधल्या बिलिन गावात २००५ साली त्याचा चौथा मुलगा जिब्रील जन्मला. बाळाचं रांगणं-चालणं टिपायला म्हणून त्याने कॅमेरा घेतला. त्याच सुमारास गावच्या जमिनीतून इस्रायलचं विभाजक कुंपण जाऊ लागलं, जैतुनाची झाडं उपटली जाऊ लागली, दर शुक्रवारी गावकरी मोर्चा काढू लागले. बाळासाठी घेतलेला कॅमेरा मोर्चात गेला. एक फुटला, दुसरा आणला. तोही फुटला. गाय दाविदी या इस्रायली दिग्दर्शकासोबत त्याने या चित्रीकरणातून ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ (२०११) हा माहितीपट केला, आणि पुढे तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. जिब्रील ज्या वयात बोलायला लागतो, त्या वयात त्याच्या तोंडी लष्कराचे आणि काडतुसाचे शब्द आहेत. गावातल्या पोरांचा लाडका, त्यांच्यापुढे हसत राहणारा तरुण बासिम २००९ मध्ये अश्रुधुराचं नळकांडं छातीवर लागून मरतो, आणि ते त्याच कॅमेऱ्यांनी टिपलेल्या गावात घडतं. पुढे न्यायालयाच्या निकालानंतर २०११ मध्ये कुंपण मागे सरलं, काही जमीन परत आली. अनेक वर्षांचे शुक्रवार, बासिमचा जीव आणि पाच कॅमेरे एवढं देऊन.

इमादचा कॅमेरा फुटला तरी चित्रीकरण वाचलं. सगळ्यांचं वाचलं नाही. १९६८च्या सुमारास अम्मानमध्ये मुस्तफा अबू अली, हानी जौहरियेह आणि कैरोत शिकून आलेली छायालेखिका सुलाफा जादल्लाह यांनी पॅलेस्टिनी चित्रपटाचं एक छोटं पथक उभं केलं. निर्वासितांच्या छावण्या, शाळा, शिवणाचे वर्ग, लढणारी पोरं असं सगळं ते टिपत राहिले. अबू अलीच्या १९७४च्या माहितीपटाचं नावच ‘दे डू नॉट एक्झिस्ट’. पॅलेस्टिनी नावाचे लोक मुळी नाहीतच, असं जग ऐकवत होतं, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. पडद्यावर छावणीतली एक मुलगी सीमेवरच्या सैनिकासाठी साधी भेटवस्तू बांधत असते, आणि नाव सांगतं की ही मुलगी अस्तित्वातच नाही. हानी जौहरियेह १९७६ मध्ये लेबनॉनमध्ये चित्रीकरण करतानाच मारला गेला. बैरूतमध्ये जपलेला या पथकाचा संग्रह १९८२च्या इस्रायली आक्रमणाच्या धामधुमीत नाहीसा झाला. एका लोकसमूहाची दशकभराची हलती स्मृती एका उन्हाळ्यात गेली. त्यातलं काय उरलं, काय कुणाच्या कपाटात आहे, याचा शोध अनेक दिग्दर्शक अजून घेत आहेत. अल्जाफरीचा ‘अ फिदाई फिल्म’ (२०२४) अशाच शोधातून आला.

हे नुकसान पुण्यात राहणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. १९६४ साली याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य घालवून देशभरातून रिळं गोळा केली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ आज जेवढे पाहायला मिळतात, ते त्यांच्या चिकाटीमुळे. आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक सगळे तोवर नष्ट झाले होते. काही रिळं तर त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. आणि इतकं करूनही ८ जानेवारी २००३ रोजी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची हजारो रिळं जळून गेली. त्यात प्रभातचा वारसाही होता. ती बातमी वाचून अण्णा दिवसभर अस्वस्थ होते. आपल्या तरुणपणाचा एक तुकडा जळाला, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे निष्काळजीपणाने, काळाने, आगीने नेलं. पॅलेस्टिनी लोकांचं युद्धाने नेलं. पण आपल्याकडे नायर होते, इमारत होती, सरकारचं अनुदान होतं, आणि शहर उद्या इथेच असेल ही खात्री होती. ज्यांना शहराचीच खात्री नाही, त्यांनी संग्रहालय कुठे बांधायचं?

म्हणून पॅलेस्टिनी चित्रपट स्वतःच फिरतं संग्रहालय झाला आहे. अल्जाफरीला २००१ साली गाझात केलेल्या चित्रीकरणाच्या छोट्या टेप्स कित्येक वर्षांनी सापडल्या. तुरुंगात ओळख झालेल्या एका माणसाला शोधत तो तेव्हा गाझाभर हिंडला होता. त्यातून २०२५ मध्ये ‘विथ हसन इन गाझा’ झाला. समुद्रकिनारा, मोटारीच्या काचेतून जाणारी दुकानं, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी आणि ‘माझा फोटो काढ’ म्हणून मागे लागणारी मुलं. टिपलं तेव्हा ते साधं प्रवासचित्र होतं. आज त्यातले कित्येक रस्ते राहिलेले नाहीत. ती मुलं आज तिशीत असतील, असली तर. संग्रह आता बैरूतमधल्या एका खोलीत नाही, तो जगभर पसरला आहे. तरी तोही नाजूकच. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये बत्तीस पॅलेस्टिनी चित्रपटांचा एक संच आणला होता. तीन वर्षांनी परवान्यांची मुदत संपली आणि त्यातले बरेचसे चित्रपट एका झटक्यात दिसेनासे झाले. त्यांतले काही मला पुन्हा पाहायचे होते.

या चित्रपटांतल्या गावांच्या नावांत एक नाव मला लहानपणापासून ओळखीचं होतं. रामले. अल्जाफरीचा जन्म तिथला, आणि त्याच्या ‘द रूफ’ (२००६) या चित्रपटात तिथलं घर आहे. १९४८ साली मूळ मालक गेले तेव्हा वरच्या मजल्याचं बांधकाम अर्धवट होतं. पुढे अल्जाफरीच्या कुटुंबाला त्या घरात राहावं लागलं. खाली संसार, वर छप्पर नसलेल्या भिंती, वर्षानुवर्षं तशाच. निघून गेलेल्यांचा मजला पुरा करायला कुणाचा हात धजेल?

रामले आणि शेजारचं लोद ही गावं मी ऐकली ती आईच्या तोंडून. रास्ता पेठेतली तिची शाळेतली मैत्रीण बेने इस्रायली ज्यू. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे, आणि सणाला आईला मलिद्याचं ताट येई. कोकणातून आलेली, तेल गाळणारी, मराठीत कीर्तन करणारी ही माणसं पन्नास-साठच्या दशकांत हजारोंनी इस्रायलला गेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले इथे वसली. आपण पुरते ज्यू आहोत हे धर्मपीठाकडून मान्य करून घेण्यासाठी त्यांना तिथे झगडावं लागलं, आंदोलनं करावी लागली, आणि १९६४ साली त्यांना न्याय मिळाला. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवलं. आईच्या मैत्रिणीची पत्रं लोदहून येत. सुंदर वळणदार मराठी अक्षर. नवी भाषा जड जाते, उन्हाळा फार कडक, इथल्या कांद्याला आपल्या कांद्याची चव नाही, मुलगा शाळेत रमला. आई ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची.

लोद म्हणजे अरबांचं लिद्दा. जुलै १९४८ मध्ये लिद्दा आणि रामलेमधून हजारो पॅलेस्टिनींना इस्रायली लष्कराने बाहेर काढलं. ऐन उन्हाळ्यात, मुलंबाळं घेऊन, पायी. त्या पत्रांत हे कधीच नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. कोकणातल्या तेल्याची लेक आपल्या देवाच्या भूमीत गेली होती. मोठ्या कष्टाने संसार उभा करत होती. तिने कुणाला घालवलं नव्हतं. तिच्याविषयी माझ्या मनात आजही मायाच आहे. पण ‘द रूफ’ पाहिल्यापासून ती पत्रं आठवली की त्यांच्या चौकटीच्या कडेला मला आणखी कुणीतरी दिसतं. डोक्यावर गाठोडं, कमरेला किल्ली, मागे वळून पाहणारी एक बाई. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक माणसं अशी निघाली. त्यांतल्या कितीतरी घरांच्या किल्ल्या आजही छावण्यांमधल्या पेट्यांत आहेत. मला या दोन बायकांपैकी एकीला निवडायचं नाही. दोघींना एकाच चित्रात पाहता आलं पाहिजे, आणि त्यांतली एक घरी परत जाऊ शकत नाही हे न विसरता पाहता आलं पाहिजे. 

बिबवेवाडीत राहणारे आम्ही बहुतेक जण कुठून ना कुठून आलेले. कुणी दुष्काळात, कुणी नोकरीसाठी, कुणी धरणाने. पण गावच्या जत्रेला एसटी पकडता येते, कुलदैवताला नारळ फोडता येतो, मोडका का होईना वाडा स्वतःचा म्हणता येतो. धरणग्रस्तांना मात्र तेही नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं गाव वरसगाव धरणाच्या पाण्याखाली आहे. एका दुपारी मी ‘नो अदर लँड’ (२०२४) पाहत होते. वेस्ट बँकच्या दक्षिण टोकाला मसाफेर यत्ता म्हणून वाड्यावस्त्यांचा डोंगराळ पट्टा आहे. ऐंशीच्या दशकात इस्रायली लष्कराने तो सरावासाठीचं गोळीबार क्षेत्र म्हणून जाहीर केला. चाळीस वर्षं लोकांनी न्यायालयात आणि जमिनीवर तग धरला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या बाजूने निकाल दिला. तिथला तरुण बासिल अद्रा बुलडोझर आला की कॅमेरा घेऊन धावतो. घर पाडलं जातं, माणसं गुहेत राहायला जातात, रात्री पुन्हा विटा रचतात. गावकऱ्यांनी बांधलेली शाळा मुलांच्या डोळ्यांदेखत पाडली जाते. एका प्रसंगी सैनिक विहिरीत काँक्रीट ओततात.

मावशी पीठ मळता मळता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाषा अरबी, खाली इंग्रजी अक्षरं. त्यांना दोन्ही येत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘घर पाडलं ते पाडलं. विहीर का बुजवली?’ मग थोड्या वेळाने, ‘आमची विहीर आत तशीच आहे, पाण्याखाली.’ मी कुठल्याही परीक्षणात या चित्रपटाविषयी इतकं नेमकं वाक्य वाचलेलं नाही. घर पाडणाऱ्याला माणूस उठवायचा असतो. विहीर बुजवणाऱ्याला त्याचं परत येणंच संपवायचं असतं. गावाच्या पाण्यावर वाढलेल्या बाईला हा फरक सांगावा लागला नाही.

‘नो अदर लँड’ बासिल आणि त्याचा इस्रायली मित्र, पत्रकार युवाल अब्राहम यांनी हमदान बल्लाल आणि राहेल शोर यांच्यासोबत केला. दोघे मित्र रात्री बोलत बसतात ते प्रसंग मला फार मोलाचे वाटतात. युवालची मोटार कुठेही जाऊ शकते, बासिलची नाही. एकाच डोंगरावर उभ्या असलेल्या समवयस्क दोघांवर दोन कायदे चालतात. मैत्री हा फरक मिटवू शकत नाही, पण त्याच्याकडे पाठही फिरवत नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा त्याच व्यासपीठावरून युवालने गाझाचा विध्वंस थांबवण्याची मागणी केली आणि हमासने ओलीस नेलेल्या इस्रायलींच्या सुटकेचीही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. ते क्रौर्यच होतं. त्यानंतर गाझात जे झालं, हजारो मुलांसह साठ हजारांहून अधिक जीव, उपासमार, शहरंच्या शहरं जमीनदोस्त, त्याचं समर्थन त्या क्रौर्याच्या नावाने करता येत नाही. दुःखाला दुःखाने भागता येत नाही, हे आपल्याकडे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. ऑस्करनंतर काही आठवड्यांतच हमदान बल्लालला त्याच्या गावी इस्रायली वसाहतवाल्यांनी मारहाण केली आणि लष्कराने रात्रभर अडकवून ठेवलं. सोन्याची बाहुली घरात असली तरी दाराबाहेर परिस्थिती तीच.

अलीकडच्या चित्रपटांत तर पाहणंही अवघड होतं. ट्युनिशियाच्या कौथर बेन हानियाचा ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’ (२०२५) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. २९ जानेवारी २०२४ रोजी गाझा शहरात पाच वर्षांची हिंद, नातेवाइकांचे मृतदेह असलेल्या मोटारीत एकटी अडकून, रेड क्रेसेंटच्या माणसांशी फोनवर बोलत होती. मला घ्यायला या, एवढंच तिचं मागणं. तिला घ्यायला निघालेली रुग्णवाहिका पोहोचली नाही. बारा दिवसांनी ती, तिचे नातेवाईक आणि रुग्णवाहिकेतले दोघे मृतावस्थेत सापडले. दिग्दर्शिकेने नटांना घेऊन ते कार्यालय उभं केलं, पण आवाज तिचाच ठेवला. मोटारीत अडकलेलं मूल पडद्यावर दिसत नाही. चौकटीच्या बाहेर राहून ते सगळी चौकट व्यापतं. आणि सेपिदे फारसीच्या माहितीपटातली गाझाची छायाचित्रकार फातिमा हस्सूना, व्हिडिओ कॉलवर सतत हसणारी. तिच्यावरचा चित्रपट कान महोत्सवाच्या एका विभागात निवडल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, बाँबहल्ल्यात ती घरच्या अनेकांसह गेली. ते हसू पाहिल्यावर मी पुढचे काही दिवस दुसरा चित्रपट लावू शकले नाही.

मग हे पाहायचं कशासाठी? हा प्रश्न मला घरातही विचारला जातो. आपल्या हातात काय आहे, असंही म्हणतात. माझं उत्तर असं, की एखाद्या लोकसमूहाला नाहीसं करायचं असतं तेव्हा आधी त्याला नजरेतून नाहीसं करतात. त्याचा फ्रिज, त्याची पत्रिका, त्याची विहीर दिसेनाशी होते आणि उरतो एक धोका, एक आकडा. ज्याने यास्मिनला फ्रिज ढकलताना पाहिलं, त्याच्या मनात तो आकडा पुन्हा माणूस होतो. अशी माणसं जगात पुरेशी झाली तरच काही बदलण्याची शक्यता निर्माण होते. इतिहासात आजवर जे काही बदललं ते याच वाटेने बदललं आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

आपल्या देशाचं पॅलेस्टाइनशी नातं नवं नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध भारताने मत दिलं होतं, आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. तरी डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात काही पॅलेस्टिनी चित्रपटांची केंद्राची परवानगी सुरुवातीला अडली आणि त्यावरून मोठा वाद झाला. चित्रपट दाखवण्यासाठी भांडावं लागणं ही कुठल्याही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नाही. पण केरळचे प्रेक्षक त्यासाठी उभे राहिले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुण्याने तर याहून पुढे जायला हवं. फिल्म इन्स्टिट्यूट इथे, चित्रपट संग्रहालय इथे, दर वर्षीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव इथे, पिढ्यान्‌पिढ्या जगाचा सिनेमा पाहत आलेल्या फिल्म सोसायट्या इथे. हे चित्रपट विधी महाविद्यालय रस्त्यावरून सातारा रस्त्यापर्यंत, तिथून अप्परच्या एखाद्या सभागृहापर्यंत यावेत. आणि त्यांना मराठी उपशीर्षकं असावीत. हे काम कुणी मोठ्या संस्थेनेच करायला पाहिजे असं नाही. चार-सहा जणांनी बसून, परवानगी घेऊन, एकेक चित्रपट मराठीत आणता येतो, आणि माझी त्यात बसायची तयारी आहे. मार्केट यार्डातल्या हमालाला, पाण्याखाली गेलेल्या गावच्या मावशींना, लोदला मैत्रीण असलेल्या माझ्या आईच्या वयाच्या बायकांना हे चित्रपट इंग्रजी जाणणाऱ्यांच्या मध्यस्थीशिवाय पाहता आले पाहिजेत. विहीर बुजवण्याचा अर्थ ज्यांना क्षणात कळतो, त्यांच्यापर्यंत बासिल अद्राचं म्हणणं इतकी वर्षं पोहोचलेलं नाही, आणि ते पोहोचवणं आपल्याला सहज शक्य आहे.